डिझाइनचे तुकडे कसे पाडावेत: अजाइल टीममध्ये यूएक्सचे काम बसवण्याची रीत

दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या फेऱ्यांमध्ये, काम करणाऱ्या टीममध्ये यूएक्स डिझायनर (सॉफ्टवेअर वापरणाऱ्याचा अनुभव आखणारा) नव्याने आला की महिन्याभरात एक ठरावीक कुरबूर सुरू होते. डेव्हलपर म्हणतात, डिझाइन वेळेवर मिळत नाही. डिझायनर म्हणतो, विचार करायलाच वेळ मिळत नाही. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे कोणते काम आधी करायचे ते ठरवणारा, दोघांच्या मध्ये उभा राहून "या स्प्रिंटपुरते काहीतरी द्या, पुढच्या वेळी नीट करू" असे सांगून वेळ मारून नेतो, आणि ती पुढची वेळ सहसा येत नाही. यावरचा सर्वांना ठाऊक असलेला तोडगा म्हणजे डिझाइनचे काम डेव्हलपमेंटच्या एक स्प्रिंट पुढे चालवणे. तोडगा चांगला आहे; पण तो ज्या टीममधून आला तिथे त्याच्या जोडीला आणखी एक सवय होती, आणि आपण बहुतेकांनी वेळापत्रक तेवढे उचलले, सवय तिथेच राहिली. हा लेख मुख्यतः त्या राहून गेलेल्या सवयीविषयी आहे. बाकीच्या पायऱ्या तिच्या आधाराने येतील.

हे वेळापत्रक आले कुठून

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यातल्या स्नोबर्ड येथे १७ जणांनी एकत्र येऊन अजाइलचा, म्हणजे छोट्या फेऱ्यांत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या विचाराचा, जाहीरनामा लिहिला. ही मंडळी प्रोग्रॅमिंग आणि सॉफ्टवेअर पद्धतींच्या जगातली होती, आणि त्यांचा राग कागदपत्रांच्या ढिगाऱ्यावर होता. जाहीरनाम्यामागच्या १२ तत्त्वांपैकी एक सांगते की चालते सॉफ्टवेअर हेच प्रगतीचे मुख्य माप. कागदावर शंभर टक्के पूर्ण आणि प्रत्यक्षात शून्य अशा प्रकल्पांनी पोळलेल्या माणसांना हे वाक्य फार मोठा आधार वाटले असणार. मात्र 'चालते' आणि 'लोकांना चालवता येते' यांतले अंतर कसे मोजायचे, हे त्या जाहीरनाम्यात कुठे नाही. इंटरफेस डिझाइनची तेव्हाची रूढ पद्धत आधी अभ्यास, मग संपूर्ण आराखडा आणि मग जाडजूड स्पेसिफिकेशन अशी असल्यामुळे, दोन आठवड्यांत काहीतरी चालते दाखवणाऱ्या टीमशी तिचे जमणे कठीणच होते.

ही गाठ सोडवण्याचा एक नीट नोंदवला गेलेला प्रयत्न टोरांटोमधल्या एलियस या कंपनीत झाला. ही कंपनी पुढे ऑटोडेस्कमध्ये विलीन झाली. तिथल्या लिन मिलर यांनी २००५ मध्ये स्केचबुक प्रो या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरवरच्या कामाचा अनुभव मांडला, आणि त्यांच्या सहकारी देसिरे साय यांनी २००७ मध्ये तीच पद्धत अधिक तपशिलाने लिहिली. दोन समांतर रुळांची जी आकृती आज प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर काढली जाते, तिचे मूळ इथे आहे. वरचा रूळ डेव्हलपरचा, खालचा डिझायनरचा. कोणत्याही स्प्रिंटमध्ये डिझायनर चार कामे करतो: मागच्या स्प्रिंटमध्ये तयार झालेले वापरकर्त्यांकडून तपासून घेतो, चालू स्प्रिंटमधल्या डेव्हलपरच्या शंकांना उत्तरे देतो, पुढच्या स्प्रिंटसाठी डिझाइन करतो, आणि त्याच्याही पुढच्या स्प्रिंटसाठी माहिती गोळा करतो.

आकृती सुटसुटीत असल्यामुळे ती पसरली. परंतु त्याच लेखात साय यांनी मोठ्या डिझाइनचे एका चक्रात मावतील असे तुकडे पाडण्यावर बराच भर दिला आहे, तो भाग मागे पडला. तुकडे न पाडता नुसते एक स्प्रिंट पुढे राहिले तर जुना धबधबाच (आधी सगळा आराखडा, मग सगळी बांधणी ही 'वॉटरफॉल' पद्धत) छोट्या बादल्यांतून ओतल्यासारखा होतो: डिझायनर दोन आठवडे एकटा बसून स्क्रीन रंगवतो, त्या पलीकडे फेकतो, आणि डेव्हलपरना अडचण कळते तेव्हा तो पुढच्या स्क्रीनमध्ये बुडालेला असतो.

पहिली पायरी: डिझायनरची जागा

डिझायनर टीमच्या आत बसला पाहिजे, हे वाक्य सगळे मान्य करतात आणि मग एकच डिझायनर चार टीमना वाटून देतात. स्क्रम ही स्प्रिंटमध्ये काम करण्याची रूढ चौकट; तिच्या २०२० च्या गाइडनुसार स्क्रम टीममध्ये उप-टीम नसतात, टीम साधारणपणे १० किंवा त्याहून कमी जणांची असते, आणि वापरण्याजोगे काम उभे करण्यात ज्याचा हात आहे तो प्रत्येक जण 'डेव्हलपर' या सदरात येतो. म्हणजे कागदावर तरी डिझायनर हा पाहुणा नाही. व्यवहारात याचा अर्थ असा, की तो स्प्रिंटच्या प्लॅनिंगला असतो, डेलीला (रोजच्या छोट्या बैठकीला) बोलतो, रेट्रोमध्ये (स्प्रिंटनंतरच्या आढाव्यात) त्याच्या तक्रारीला इतरांइतकेच वजन असते, आणि त्याची कामे जिरा या कामे नोंदवण्याच्या साधनातल्या त्याच बोर्डवर दिसतात. डिझाइनचा बोर्ड वेगळा ठेवला की महिन्याभरात डिझाइनचे जगही वेगळे होते.

मनुष्यबळ कमी असेल तर एका डिझायनरकडे दोन टीम ही माझ्या मते शेवटची मर्यादा. तिसरी टीम आली की तो डिझायनर राहत नाही, स्क्रीन पुरवणारा होतो. अशा वेळी तिसऱ्या टीमला "तुम्हाला डिझायनर नाही" असे स्पष्ट सांगून तिच्यासाठी तयार घटकांचा संच आणि आठवड्यातून तासभर सल्ला एवढेच ठेवणे हे खोट्या आश्वासनापेक्षा बरे.

दुसरी पायरी: शून्य स्प्रिंट आणि त्याला कुंपण

पहिल्या स्प्रिंटमध्ये डिझायनरकडे पुढे असण्यासारखे काहीच नसते, म्हणून आधी एक तयारीचा टप्पा लागतो. त्याला शून्य स्प्रिंट म्हणतात. त्याची मुदत आधीच ठरवावी. दोन आठवडे, फार तर तीन. मुदत नसेल तर हा टप्पा वाढत वाढत तीन महिन्यांचा होतो आणि डेव्हलपर कंटाळून स्वतःच्या अंदाजाने काम सुरू करतात.

त्यातून बाहेर काय पडायला हवे, तर पाच-सहा खऱ्या वापरकर्त्यांशी त्यांच्या कामाच्या जागी झालेली बोलणी, त्यांच्या दिवसाचा सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा भिंतीवर लावलेला नकाशा, आणि हे सॉफ्टवेअर काय असेल व काय नसेल हे सांगणारी तीन-चार वाक्ये. यांतली शेवटची वस्तू क्षुल्लक वाटते, पण पुढे तुकड्यांची गोधडी होऊ नये म्हणून तीच उपयोगी पडते. त्याच काळात डेव्हलपरनी कोणती कामे आधी घ्यावीत तेही ठरते: ज्यात स्क्रीनचे काम थोडे आणि आतली बांधणी जास्त अशी कामे पहिल्या स्प्रिंटमध्ये घेतली की डिझायनरला पुढे जायला जागा मिळते. एलियसच्या टीमनेही हेच केले होते.

तिसरी पायरी: तुकडे पाडणे

इथे थोडे थांबतो, कारण बहुतेक टीम इथेच घसरतात, आणि आमचीही घसरली होती.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी मोबाइल अ‍ॅप तयार केले. पिग्मी ठेव ही कल्पना जुनी आहे, १९२८ मध्ये उडुपीच्या बाजूला सिंडिकेट बँकेच्या पूर्वसुरींनी ती सुरू केली, आणि आजही कितीतरी तालुक्यांच्या बाजारपेठेत एजंट रोज दुकानोदुकानी फिरून पन्नास, शंभर, पाचशे रुपये गोळा करतो, पावती देतो आणि संध्याकाळी शाखेत रोकड जुळवतो. 'रोजचे कलेक्शन' या मोठ्या फीचरचे आम्ही तुकडे पाडले ते स्क्रीननुसार: ग्राहक शोधणे, रक्कम भरणे, पावती, दिवसअखेर. सोयीचे होते, फिग्मा या डिझाइनच्या साधनात चार चौकटी होत्या, चार स्प्रिंट झाले असते.

पहिला अख्खा स्प्रिंट शोधाच्या स्क्रीनवर गेला. नावाने शोध, खाते क्रमांकाने शोध, देवनागरीत लिहा किंवा रोमनमध्ये, 'चौधरी'चे दीर्घ-ऱ्हस्व चुकले तरी सापडेल अशी व्यवस्था. डेव्हलपरने खरोखर मन लावून काम केले होते. त्यानंतर आम्ही एका एजंटसोबत बाजारात फिरलो. दीड तासात त्याने शोधाच्या खुणेला एकदाही बोट लावले नाही. त्याच्या खिशातल्या वहीत नावे अकारविल्हे नव्हती, खाते क्रमांकानेही नव्हती. ती गल्लीच्या क्रमाने होती. बसस्थानकाकडून शिरायचे, डाव्या हाताची दुकाने घेत मारुतीच्या देवळापर्यंत जायचे, आणि उजव्या हाताने परत. मध्ये नवे दुकान उघडले होते त्याची नोंद त्याने समासात '१७ अ' अशी केली होती. त्याला हवी होती पुढच्या दुकानाचे नाव आपोआप समोर आणणारी यादी, आणि त्या यादीत मधेच '१७ अ' घुसवण्याची सोय. शोध लागायचा तो दिवसातून एखाद्या वेळी, एखादा दुकानदार रस्त्यातच भेटला तर.

चूक डेव्हलपरची नव्हती आणि एका अर्थाने डिझायनरचीही नव्हती. तुकडा पाडतानाच आम्ही 'शोधाची स्क्रीन लागणार' हे उत्तर गृहीत धरले होते. म्हणून पुढच्या प्लॅनिंगआधी आम्ही स्क्रीनची यादी पुसली आणि प्रश्नांची यादी लिहिली. एजंट पुढच्या ग्राहकापर्यंत कसा पोहोचतो? एका हातात वही आणि दुसऱ्या हातात फोन असताना, भर उन्हात, रक्कम न चुकता कशी भरली जाते? दुकानदाराचा विश्वास कशावर बसतो, एसएमएसवर, छापील पावतीवर की वहीतल्या सहीवर? नेटवर्क नसताना घेतलेले पैसे संस्थेच्या हिशेबात जमा धरायचे की नाही? आणि पाचशेच्या जागी पाच हजारांची एंट्री पडली तर ती कोण, किती वेळात, कुणाला कळवून दुरुस्त करणार?

या यादीचा क्रम लावताना एकच कसोटी ठेवावी: कोणत्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर बाकीचे काम सर्वांत जास्त वाया जाईल? त्या हिशेबाने आमच्या यादीत शेवटचा असलेला प्रश्न पहिला आला. त्याला सुरुवातीला स्क्रीनच नव्हती. व्यवस्थापनाला भीती होती की दुरुस्तीची सोय दिली तर त्यातून अपहार होईल. एजंटांना भीती होती की सोय नसेल तर संध्याकाळी साडेचार हजारांची तूट खिशातून भरावी लागेल. दोन्ही भीती खऱ्या होत्या. डिझायनर, एक डेव्हलपर आणि प्रॉडक्ट ओनर अशा तिघांनी शाखेत बसून दोन बैठका घेतल्या आणि एक नियम निघाला: एजंटने त्या दुकानातून पुढची एंट्री करेपर्यंत स्वतः दुरुस्त करावे, ग्राहकाला दुसरा एसएमएस जावा, आणि त्यानंतरची दुरुस्ती फक्त शाखेतून व्हावी. नियम ठरल्यावर स्क्रीन काढायला अर्धा दिवस लागला. हाच विषय आम्ही चौथ्या स्प्रिंटमध्ये स्क्रीन म्हणून हाताळला असता, तर तोपर्यंत झालेली डेटाबेसची रचना पुन्हा उकलावी लागली असती.

प्रत्येक प्रश्नासाठी एक कार्ड करावे. त्यावर प्रश्न, आपला सध्याचा अंदाज, तो कसा तपासणार, कोणत्या दिवसापर्यंत, आणि उत्तर मिळाल्यावर कोणती स्टोरी (डेव्हलपरनी बांधायचे छोटे काम) मोकळी होते एवढे लिहावे. शेवटचा रकाना रिकामा राहत असेल तर त्या कार्डावर या स्प्रिंटमध्ये वेळ घालवू नये. कुतूहल चांगले असते, पण ते नंतर. प्रश्न एका स्प्रिंटमध्ये सुटणारा नसेल तर तो आणखी बारीक करावा. 'दुकानदाराचा विश्वास' हा प्रश्न आम्हाला असाच फोडावा लागला. आधी फक्त एसएमएस किती वेळाने पोहोचला तर दुकानदार अस्वस्थ होतो एवढेच पाहिले.

चौथी पायरी: दोन आठवड्यांची आखणी

सोमवारी सुरू होणारा स्प्रिंट धरू. प्लॅनिंगला डिझायनर उत्तर मिळालेली कार्डे आणि त्यांतून मोकळ्या झालेल्या स्टोऱ्या घेऊन येतो. स्क्रीन दाखवण्याआधी त्याने बाजारात काय दिसले ते दोन मिनिटे सांगावे, शक्य असेल तर संमतीने काढलेली छोटी चित्रफीत दाखवावी. त्या दोन मिनिटांमुळे नंतरचे वाद निम्म्यावर येतात, हा माझा अनुभव आहे.

स्प्रिंटचे पहिले दोन-तीन दिवस डिझायनरने नवे काम हातात घेऊ नये. डेव्हलपरच्या सर्वाधिक शंका याच दिवसांत येतात, आणि त्या वेळी तो शेजारच्या खुर्चीवर हवा. माझ्या अंदाजाने त्याच्या वेळेचा तिसरा हिस्सा चालू स्प्रिंटच्या अशा प्रश्नोत्तरांत जातो, आणि प्लॅनिंग करताना तो मोकळा ठेवला नाही तर पुढच्या स्प्रिंटचे डिझाइन रात्री जागून करावे लागते.

पहिल्या गुरुवारी वापरकर्त्यांची भेट असते, आणि ती एकाच फेरीत दोन कामे उरकते: मागच्या स्प्रिंटचा चालता बिल्ड (तयार झालेली आवृत्ती) त्यांच्या हातात द्यायचा, आणि पुढच्या प्रश्नांसाठी कागदावरची कच्ची चित्रे दाखवायची. वार ठरलेला असावा. वापरकर्ते 'मिळाले की' जाऊ असे ठरवले तर कधीच जाणे होत नाही.

दुसऱ्या आठवड्यात डिझायनर पुढच्या स्प्रिंटचे काम करतो, पण एकटा नाही. प्रत्येक कार्डासाठी एका डेव्हलपरला आणि टेस्टरला पाऊण तास सोबत घेऊन तिघांनी आपापले रेखाटन करावे. डेव्हलपरचे चित्र वेडेवाकडे असते, पण त्यात 'ही माहिती त्या सर्व्हरवरून येतच नाही' अशी एखादी मोलाची ठिणगी असते, आणि टेस्टर नेमका विचारतो, "आणि रक्कम शून्य टाकली तर?" बुधवारच्या रिफाइनमेंटला, म्हणजे पुढची कामे स्पष्ट करण्याच्या बैठकीला, कच्चे डिझाइन सर्वांसमोर ठेवावे, तिथे ते गुळगुळीत दिसत असेल तर लोक बोलायला कचरतात, म्हणून ते मुद्दाम कच्चेच ठेवावे.

डिझाइनच्या कार्डांना स्टोरी पॉइंट (कामाच्या आकाराचे अंदाजी गुण) द्यावेत का, यावर बऱ्याच टीम तास घालवतात. मी देत नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर एका बोलण्यात मिळते, एखाद्याला तीन फेऱ्या लागतात, आणि या आकड्यांची बेरीज टीमच्या वेगात मिसळली तर कोणताच आकडा विश्वासाचा राहत नाही. एका वेळी किती कार्डे उघडी ठेवायची एवढे बंधन पुरते. आमच्याकडे ते तीन होते.

पाचवी पायरी: स्टोरी आणि 'झाले' म्हणजे काय

फिग्मातले चित्र हा करार नव्हे. ते एका सुखाच्या क्षणाचे छायाचित्र असते. नाव छोटे, नेटवर्क भरपूर, रक्कम बरोबर. स्टोरी घेण्याआधी तिच्यात रिकाम्या यादीला काय दिसेल, माहिती येईपर्यंत काय दिसेल, चूक झाली तर कोणत्या शब्दांत सांगितले जाईल, आणि 'श्री सिद्धिविनायक कृषी सेवा केंद्र व हार्डवेअर' एवढे लांब नाव कुठे मोडेल, हे लिहिलेले असावे. हे सगळे चित्रात हवेच असे नाही. साध्या वाक्यांत चालते, आणि टेस्टरला तेच जास्त उपयोगी पडते.

मराठीत चालणाऱ्या अ‍ॅपसाठी आणखी काही गोष्टी या यादीत घालाव्या लागतात, कारण डिझाइनची साधने आणि तयार घटक बहुधा रोमन लिपी गृहीत धरून केलेले असतात. ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले तर वरच्या मात्रा-वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. 'ऱ्या' नीट जुळते का, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात की हिंदी, हे प्रत्यक्ष फोनवर पाहावे लागते. आणि रकमेत स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने म्हणजे १,००,००० असाच पडतो का, हे प्रत्येक नव्या घटकात तपासावे लागते. शब्दांचे तर वेगळेच. आमच्या पहिल्या बिल्डमधल्या बटनावर 'सादर करा' असे होते. एका एजंटने विचारले, "कुणाला सादर करायचं?" ते लोक आपसात 'एंट्री पडली का' आणि 'पावती केली का' असे बोलतात. बटन 'पावती करा' झाले आणि तो प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. बटनावरचा मजकूर शेवटी भाषांतरकाराकडे पाठवण्याची वस्तू नाही. तोही त्याच कार्डात, त्याच गुरुवारी तपासला गेला पाहिजे.

'झाले'च्या व्याख्येत सुगम्यतेचे (अपंगांसह सर्वांना वापरता येण्याचे) ठोस आकडे घालावेत, म्हणजे त्यावर मतभेद उरत नाहीत. वेबसाठीच्या सुगम्यता निकषांच्या २.२ या आवृत्तीत, जी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, मधल्या पातळीसाठी स्पर्शाच्या जागेचे किमान माप काही अपवाद वगळता २४ × २४ सीएसएस पिक्सेल आहे आणि साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ : १ असावा लागतो. उन्हात फोन धरणाऱ्या एजंटसाठी आम्ही दोन्ही बाबतींत त्याहून बरेच वर राहिलो.

आणि एक छोटा नियम: डिझायनरने चालता बिल्ड साध्या, स्वस्त फोनवर दहा मिनिटे पाहिल्याशिवाय स्टोरी बंद होत नाही. हे डेमोच्या आदल्या संध्याकाळी नव्हे, स्टोरी टेस्टरकडे जाते त्याच दिवशी व्हावे.

सहावी पायरी: वापरून पाहणे, आणि सापडलेल्याचे पुढे काय

किती लोकांवर तपासायचे? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक वापरकर्ता सरासरीने ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि त्यावरून पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हा आकडा त्यांच्या अभ्यासातल्या प्रकल्पांची सरासरी आहे, नियम नव्हे. तुमच्या अ‍ॅपला एजंट, शाखा व्यवस्थापक आणि ठेवीदार असे तीन वेगळे गट असतील तर हिशेब प्रत्येक गटाचा वेगळा धरावा लागतो. अजाइल टीमच्या दृष्टीने त्यातला कामाचा भाग असा की पंधरा जणांची एक मोठी चाचणी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन कराव्यात आणि मधे दुरुस्ती करावी. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एज ऑफ एम्पायर्स २ या खेळाच्या शिकवणीवर काम करताना यापुढची पायरी गाठली होती आणि २००२ मध्ये ती लिहिली: अडचण आणि उपाय दोन्ही स्पष्ट असतील तर एका माणसानंतरसुद्धा बदल करायचा आणि पुढच्या माणसाला बदललेले द्यायचे. कागदी चित्रांवर हे अगदी सहज जमते.

भेटीला दर वेळी एक वेगळा डेव्हलपर सोबत न्यावा. त्याने बोलायचे नाही, फक्त लिहायचे. हे पथ्य पाळणे त्याला फार जड जाते, कारण वापरकर्ता चुकीच्या जागी बोट ठेवताना पाहून "अहो, ते खाली आहे" असे तोंडातून निघतेच. पण एकदा गप्प बसून पाहिलेला डेव्हलपर परत आल्यावर टीमला जे सांगतो त्याला कोणत्याही अहवालाची सर येत नाही.

अहवाल लिहूच नये. साय यांच्या टीमने निष्कर्ष डेलीमध्ये तोंडी सांगून कार्डांवर उतरवले होते, आणि तेच आजही सर्वांत स्वस्त पडते. शुक्रवारी डेलीत तीन गोष्टी सांगाव्यात: काय दिसले, किती जणांत दिसले, आणि आम्हाला काय वाटते. मग प्रत्येक निष्कर्षाला वाट द्यावी. मजकूर, क्रम, आकार अशी किरकोळ दुरुस्ती असेल तर याच स्प्रिंटमध्ये. मोठी असेल तर नवे प्रश्न-कार्ड. आणि जी महत्त्वाची आहे पण आत्ता परवडत नाही ती बॅकलॉगमध्ये (पुढच्या कामांच्या यादीत) 'यूएक्स कर्ज' अशा खुणेने, तारखेसह. या कामांसाठी प्लॅनिंगमध्येच जागा राखली नसेल तर सगळे निष्कर्ष तिसऱ्या वाटेला लागतात. आम्ही क्षमतेचा पाचवा हिस्सा राखत असू. प्रॉडक्ट ओनरला तो पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये डोळ्यांत खुपला, नंतर त्यानेच तो सांभाळला, कारण शाखेतून येणारे फोन कमी झाल्याचे त्यालाच आधी कळले.

रिलीजच्या वेळी एखादे मोजमाप हवे असेल तर वापर किती सोपा वाटतो हे मोजणारी जॉन ब्रूक यांची १९८६ मधली १० वाक्यांची प्रश्नावली वापरता येते. तिची सरासरी १०० पैकी ६८ च्या आसपास धरली जाते. पण तिची वाक्ये एकाआड एक सकारात्मक आणि नकारात्मक आहेत, आणि मराठीत ती घाईत उतरवली तर उत्तरे देणारा गोंधळतो. दर स्प्रिंटला हे करू नये. दर स्प्रिंटला 'पाचपैकी किती जणांनी मदतीशिवाय काम पूर्ण केले' एवढी नोंद भिंतीवर असली तरी पुरे.

डिझायनर साता समुद्रापार असेल तर

पुण्या-मुंबईतल्या पुष्कळ टीमची खरी अडचण ही असते. डिझाइन ग्राहक कंपनीच्या न्यूयॉर्कच्या कचेरीत होते आणि बांधणी हिंजवडीत. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे तिथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. एक साधी शंका विचारायला एक दिवस जातो, आणि दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये असे दहाच दिवस असतात.

अशा वेळी मोठ्या स्क्रीन-फाइली मागवण्याऐवजी कार्डांची देवाणघेवाण वाढवावी. रोज संध्याकाळचा अर्धा तास फक्त शंकांसाठी दोन्हीकडे राखावा, तो डेलीपेक्षा वेगळा असावा. इथल्या एका व्यक्तीला, मग ती डिझायनर असो वा डोळस डेव्हलपर, ठरावीक मर्यादेतले निर्णय घेण्याचा अधिकार लेखी द्यावा: मजकुराची लांबी, चुकीच्या संदेशाची जागा, तयार घटकांतून केलेली निवड. प्रवाहाचा क्रम बदलत असेल तर मात्र संध्याकाळपर्यंत थांबावे. अधिकार दिला नाही तरी निर्णय इथे होतातच, फक्त ते कुणी घेतले याची नोंद राहत नाही. वापरकर्त्यांच्या भेटींचे ध्वनिचित्रमुद्रण दोन्हीकडे पोहोचावे, आणि समोरची कंपनी "आमच्या वापरकर्त्यांना तुम्हाला भेटता येणार नाही" म्हणाली, तर निदान मुद्रण पाहायला मिळेल ही अट करारातच मागून घ्यावी.

चालू प्रकल्पात सुरुवात कशी करावी

निम्मा प्रकल्प झालेला असेल तर शून्य स्प्रिंट मागत बसू नये, मिळणार नाही. पुढच्या दोन स्प्रिंटनंतर येणारी एक स्टोरी निवडावी, शक्यतो अशी की जिच्यावर टीममध्ये आधीच दोन मते आहेत. तिचे तीन प्रश्न लिहावेत, एक गुरुवार ठरवावा, एक डेव्हलपर सोबत घ्यावा. मॅनेजरची परवानगी पद्धत बदलण्यासाठी मागू नये, एका दुपारसाठी मागावी, ती मिळते. पहिल्या फेरीत माणसे कमी भेटली तरी भेट पुढे ढकलू नये. आमच्या पहिल्या गुरुवारी चार जणांना बोलावले होते, आला एकच, तोही पावसाने बाजार बसला म्हणून मोकळा होता. त्याच्याच खिशात ती '१७ अ' लिहिलेली वही होती.